साडेसहाला निघाले, साडेसहाला पोचले

आमचे जावई रोज सकाळी साडेसहाला घर सोडतात आणि साडेसहाच्या ठोक्याला कामावर हजर होतात. मधलं अंतर ऐंशी किलोमीटर. दुपारी चारला तिथून सुटले की घरी सहाला येतात. रस्ता तोच, गाडी तीच, चालवणारे तेच, आणि वाटेत चहाला थांबायची त्यांना सवय नाही. तासगावकडच्या पोरांना काळ-काम-वेगाची उदाहरणं घालण्यात माझा जन्म गेला. जातानाचा वेग काढायला बसलो तर भागाकारात खाली शून्य आलं. कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवून दिली.

चमत्कार वगैरे काही नाही. लेक-जावई राहतात अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, दक्षिणेकडच्या डुबॉइस काउंटीत, फर्डिनंड नावाच्या छोट्या गावाबाहेर. सोबतीला मका, सोयाबीन आणि टर्की. लेक डॉक्टर. परदेशातून तिकडे शिकायला गेलेल्या डॉक्टरांनी, जिथं डॉक्टर टिकत नाहीत अशा आडगावी काही वर्षं काढली, तर मायदेशी परतायची अट माफ होते, म्हणून ती या मुलखात आली. आपल्याकडं खेड्यात बदली ही शिक्षा असते, तिथं ती बक्षीस म्हणून देतात. जावई इंजिनिअर. त्यांचा मोटारींचा कारखाना पश्चिमेला, गिब्सन काउंटीत. आणि या दोन नोकऱ्यांच्या बरोबर मधून जाते ती रेघ. अलीकडे न्यूयॉर्कची वेळ, पलीकडे शिकागोची. फरक एका तासाचा. कागदोपत्री त्यांना ईस्टर्न आणि सेंट्रल म्हणतात, पण गावातलं माणूस 'फास्ट टाइम' आणि 'स्लो टाइम' असंच बोलतं. लेक फास्ट, जावई स्लो. लग्न ठरवताना छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळल्याचं गुरुजींनी सांगितलं होतं. ही बाब पत्रिकेत कुठंच नव्हती.

स्वयंपाकघरात दोन घड्याळं. मायक्रोवेव्हवर लेकीची वेळ, फ्रिजच्या डोक्यावर जावयांची. त्यात माझ्या मनगटावरच्या चावीच्या एचएमटीनं भारतीय वेळ सोडायला साफ नकार दिलेला, म्हणजे मीच दिला होता. त्यामुळं त्या घरात साधा जेवणाचा प्रश्नसुद्धा असा सुटायचा :

"आई, साडेसातला जेवायला बसू या."

"कुणाच्या साडेसातला?"

"माझ्या."

"आणि जावई?"

"ते त्यांच्या साडेसहाला बसतील."

"म्हणजे एकत्रच ना?"

"हो. पण त्यांना लवकर जेवल्यासारखं वाटतं."

ते खोटं नव्हतं. तेच वरण, तोच भात, तेच ताट. लेक भुकेनं व्याकुळ झालेली आणि जावई घास चिवडत बसलेले. नंतर रात्री दहाला, म्हणजे त्यांच्या नऊला, त्यांना भूक लागायची आणि फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज यायचा. आमच्या हिनं त्यावर उपाय शोधला. जावयांसाठी एक पोळी झाकून ठेवायची. त्या पोळीला घरात 'स्लो पोळी' म्हणत.

मोबाइल आपोआप वेळ बदलतो म्हणून लोकांना त्याचं कौतुक. आमच्या घराला दोन्ही बाजूंचे टॉवर दिसत. फोन दिवाणखान्यात ठेवला की फास्ट, मागच्या खोलीत खिडकीपाशी ठेवला की स्लो. सकाळी सहाचा गजर लावून झोपलो तर तो कधी सहाला वाजे, कधी सातला. उशी कुठल्या बाजूला सरकली यावर ते अवलंबून. न्हाणीघरात फोन घेऊन गेलो आणि बाहेर येईपर्यंत घड्याळ मागं गेलं, असंही झालं. ही म्हणाली, "बघा, तुम्ही आत गेलात की वेळ जात नाही असं मी म्हणते ते काय उगीच?"

सांगलीहून ताईचा फोन आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "तिकडं किती वाजले रे?" हा प्रश्न आपल्याकडं हवापाण्याच्या चौकशीसारखा विचारतात, उत्तराची कुणाला गरज नसते. पण मला अर्धवट उत्तर देण्याची सवय नाही. "हे बघ ताई, आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं. पण ते घरात. शेताच्या बांधापलीकडं साडेदहा तास. हिवाळ्यात साडेदहा आणि साडेअकरा. आता तू विचारतेस ते..." एवढ्यात तिचा कुकर झालेला असायचा.

रेघ काउंटीच्या हद्दीवरून जाते, म्हणजे ओढे-नाले, बांध, जुने रस्ते यांच्या मर्जीनं वाकडीतिकडी. हमरस्त्यावर एखादी पाटी दिसते, मक्यातून जाणाऱ्या रस्त्यावर ती कोण लावणार? राज्यात ब्याण्णव काउंट्या. त्यातल्या ऐंशी फास्ट आणि बारा स्लो. त्या बाराही एका जागी असत्या तर ठीक. सहा वायव्येच्या कोपऱ्यात शिकागोला चिकटलेल्या, सहा नैऋत्येच्या कोपऱ्यात आमच्या शेजारी. लेकीचं हॉस्पिटल ज्या गावात आहे त्याचं नाव जॅस्पर. ते फास्ट. आणि जॅस्पर नावाची जी काउंटी आहे ती वायव्येला, स्लो. गावाचा आणि त्या काउंटीचा एकमेकांशी सुतराम संबंध नाही. नकाशा काढणाऱ्यानं गणिताच्या पेपरात परीक्षक चकवा टाकतो तसा हा टाकला असावा. मी स्वतः असे पुष्कळ टाकलेत, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

आणखी गंमत म्हणजे या रेघेचा कारभार वाहतूक खात्याकडं. पंचांगकर्ते नाहीत, वेधशाळा नाही. रस्ते, विमानं आणि रेल्वे बघणारं केंद्रातलं खातं कुणाची दुपार केव्हा ते ठरवतं. त्याला कारण आहे. १८ नोव्हेंबर १८८३ पर्यंत तिकडं गावोगावची वेळ आपापल्या सूर्याप्रमाणं असे. रेल्वे कंपन्यांना वेळापत्रक जमेना, म्हणून त्यांनी त्या दिवशी आपल्यापुरते पट्टे आखून घेतले. सरकारनं कायदा केला तो १९१८ मध्ये. आधी गाडीची वेळ ठरली, मग माणसांची.

हे सगळं मला शेजारच्या टर्कीवाल्या म्हातारबांनी सांगितलं. ऐंशीच्या पुढचे, जर्मन वळणाचे, डोक्यावर बियाणं कंपनीची फुकट मिळालेली टोपी. जावई शेजारी बसून दोन्हीकडचं भाषांतर करत. वेळेचा विषय निघाला की म्हातारबा खुर्ची पुढं ओढत.

"उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं करायचं खूळ शेतकऱ्यांसाठी काढलं म्हणतात. शेतकऱ्यांसाठी!" ते म्हणाले. "१९१८ ला आणलं, आणि आमच्याच लोकांनी बोंब मारून १९१९ ला काढायला लावलं. गवतावरचं दव सूर्यानं वाळतं, वॉशिंग्टननं नाही."

इंडियानाच्या बऱ्याचशा भागात त्यानंतरही कित्येक वर्षं उन्हाळ्यात घड्याळ हलवत नसत. मग २००६ पासून राज्यभर हलवायचं ठरलं, आणि त्याच झपाट्यात ही डुबॉइस काउंटी आणि तिच्या आसपासच्या चार मिळून पाच काउंट्या फास्टमधून उचलून स्लोमध्ये टाकल्या. दीड-पावणेदोन वर्षांत तिथल्या लोकांनी अर्ज-विनंत्या करून त्या पुन्हा फास्टमध्ये आणून घेतल्या.

"केवढा गोंधळ झाला असेल," मी म्हणालो. "सगळी घड्याळं बदलायची."

म्हातारबा हसले. "एकही बदललं नाही."

मला वाटलं जावयांचं भाषांतर चुकलं. म्हातारबांनी टोपी मागं सारली आणि टेबलावर मिठाची आणि मिऱ्याची बाटली मांडून समजावलं. २ एप्रिल २००६ च्या पहाटे सगळ्या राज्यानं उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढं करायचं होतं. पण हे त्याच क्षणी स्लोमध्ये जाणार, म्हणजे तासभर मागं. मिठाची बाटली एक बोट पुढं, एक बोट मागं. काटे जिथं होते तिथंच. पुढं ४ नोव्हेंबर २००७ ला उन्हाळी वेळ संपली, सगळ्यांनी तासभर मागं जायचं. हे त्याच क्षणी फास्टमध्ये परतणार, म्हणजे तासभर पुढं. पुन्हा काटे जागेवर. "दोन वेळा आमची वेळ बदलली," ते म्हणाले, "आणि दोन्ही वेळा मी झोपलेला होतो."

वेळेच्या बाबतीत आपणही काही कमी नाही हे सांगणं मला भाग होतं. म्हणून मी त्यांना मुंबईची हकिकत ऐकवली. १९०६ मध्ये देशभरासाठी एक प्रमाणवेळ ठरली तेव्हा मुंबई अडून बसली. गिरणी कामगारांनी विरोध केला, शहरानं आपला जुना 'मुंबई टाइम' सोडला नाही, आणि तो १९५५ पर्यंत चालू होता. प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागं.

"एकोणचाळीस?" म्हातारबांनी मिठाची बाटली खाली ठेवली. "तास नाही, अर्धा तास नाही, एकोणचाळीस?"

"हो."

"आणि लोक त्याचा हिशोब करायचे?"

"जवळपास पन्नास वर्षं."

त्यानंतर त्यांची माझ्याकडं बघायची नजर बदलली. मला पुढच्या वेळी मक्याची दोन पोती न विचारता मिळाली.

म्हातारबांची एकच वेळ पक्की, टर्कीच्या चाऱ्याची. बाकी बाबतीत त्यांनी स्वतःची तिसरी पद्धत काढलेली. चर्चला फास्टवर, एव्हन्सव्हिलच्या दुकानांसाठी स्लोवर, आणि बायकोनं लवकर यायला सांगितलं असेल तर दोन्हींपैकी जी सोयीची असेल तिच्यावर. त्या मुलखात उशिरा आलेल्या माणसाला कुणी रागावत नाही. "ओ, तुम्ही स्लोवर होता वाटतं," एवढं म्हणतात. आयुष्यभर शाळेच्या फाटकात छडी घेऊन उभा राहिलेल्या मला हे बघवत नव्हतं. पण आठवडाभरात मीही जॅस्परच्या ग्रंथालयात पुस्तक परत करायला उशिरा गेलो आणि काउंटरवर हसून "स्लो टाइम" म्हणालो. दंड माफ झाला. ती बाई नुसती 'हो हो' म्हणाली. छडीचा काळ गेला हे बरंच झालं.

ऊन तिथं भलत्याच वेळी असतं. डुबॉइस काउंटी फास्ट पट्ट्याच्या अगदी पश्चिम कडेला असल्यामुळं जूनमध्ये सूर्य डोक्यावर येतो तो पावणेदोनला आणि मावळतो रात्री नऊनंतर. नात झोपायला तयार नसायची. "आबा, ऊन आहे अजून," असं म्हणून ती पडदा सरकवून पुरावाच दाखवायची. लेक म्हणायची, "आई, हिला समजाव." ही नातीला घेऊन अंगणात जायची आणि दोघीही साडेनऊपर्यंत परत यायच्या नाहीत. हिवाळ्यात उलट. जानेवारीत सूर्य उगवायला आठ वाजतात, आणि पोरं काळोखात शाळेच्या पिवळ्या बसची वाट बघत उभी असतात. त्यांच्या दप्तरांवर चमकणाऱ्या पट्ट्या लावलेल्या. लांबून नुसती दप्तरंच दिसतात.

नातीची एक वेगळी काळजी होती. रेघेपलीकडं, आमच्या घरापासून गाडीनं थोड्याच अंतरावर, स्पेन्सर काउंटीत सांताक्लॉज नावाचं खरंखुरं गाव आहे. तिथं पोस्ट ऑफिस आहे, आणि नाताळात देशोदेशीच्या मुलांची पत्रं तिथं येतात. ते गाव स्लो. नातीचा तर्क असा की सांता स्लो टाइममध्ये राहतो, त्यामुळं तो आपल्याकडं तासभर उशिरा येणार. मग दूध आणि बिस्किटं ठेवायची कधी? जावई म्हणाले, "रात्री बाराला ठेव." लेक म्हणाली, "म्हणजे कुठल्या?" आणि दोघांचं त्यावरून खरंच जुंपलं. सांता आहे की नाही हा मुद्दा त्या घरात केव्हाच मागं पडला होता.

एव्हन्सव्हिलच्या टीव्हीवरच्या सगळ्या वेळा स्लोच्या. दहाच्या बातम्या आमच्याकडं अकराला. तोवर मला झोप येते. पण मे महिन्यात वावटळीचा इशारा आला तेव्हा झोपून चालणार नव्हतं. भोंगा वाजला, सगळे तळघरात उतरलो. टीव्हीवरचा माणूस सांगत होता, सव्वाआठपर्यंत खाली राहा. सव्वाआठ वाजले, मी उठलो. लेक ओरडली, "बाबा, ते स्लोचे सव्वाआठ. आपले सव्वानऊ." पुन्हा बसलो. जावयांनी त्यांच्या फोनवर बघितलं, तिथं डुबॉइस काउंटीचा इशारा आठ वाजताच संपलेला. कारण डुबॉइससाठी इशारा देतं लुइव्हिलचं हवामान कार्यालय आणि पलीकडच्या स्पेन्सरसाठी पडूकाचं, आणि टीव्ही पलीकडचा इशारा सांगत होता. तळघराच्या जिन्यात आमची सभा भरली. ही म्हणाली, "वारा कुठल्या बाजूनं येतोय तेवढं सांगा." कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी दार उघडून बघितलं तर म्हातारबा त्यांच्या ओसरीवर खुर्ची टाकून आभाळाकडं बघत कॉफी पीत होते. ते खाली गेलेच नव्हते.

संकष्टीचं मात्र मी विसरणार नाही. आमची ही संकष्टी करते, चंद्र बघितल्याशिवाय अन्न नाही. कालनिर्णय तिनं सामानात नेलं होतं, पण त्यातला चंद्रोदय आपल्याकडचा. लेकीनं फोनवर बघून सांगितलं, "आई, आज चंद्र साडेअकराला."

"साडेअकरा? रात्रीचे?" हिचा चेहरा उतरला. सकाळपासून दोन खजूर आणि अर्धा कप चहा. नातीनं तेवढ्यात फोन मागच्या खिडकीपाशी नेला. "आजी, इथं साडेदहा म्हणतंय!"

हिनं माझ्याकडं बघितलं नाही. जावयांकडं बघितलं. "बापू, पलीकडं जाऊन यायला किती वेळ लागतो?"

मी विरोध केला. कागद काढला. पृथ्वी, चंद्र, रेखांश, सगळं मांडलं. चंद्र दोन्हीकडं एकाच वेळी उगवणार, उपवासाला एक मिनिटही कमी होणार नाही, उलट पेट्रोल जाईल. ही ऐकून घेत होती आणि डब्यात मोदक भरत होती. अंगणातल्या गवतातून नातीनं दूर्वा म्हणून काहीतरी तोडून आणलं होतं. ताम्हन, पळी, तांब्या, उदबत्तीचा पुडा, सगळं पिशवीत गेलं. सासूबाईंनी काही मागितलं आणि जावयांनी नाही म्हटलं असं आजवर झालेलं नाही, तेव्हा गाडी निघाली.

रेघ ओलांडून डेल गावाच्या अलीकडं एका शेताच्या कडेला थांबलो. समोर सोयाबीन, मागं धान्याचे पत्र्याचे उंच गोल डबे, आणि त्यांच्याआड पूर्व दिशा. दहा मिनिटं शोधाशोध करून डबे आड येणार नाहीत अशी जागा काढली. ही ताम्हन घेऊन रस्त्याच्या कडेला उभी. डास असे की अर्घ्य द्यायच्या आधी त्यांनी आमचं घेतलं. तेवढ्यात मागून दिवे फिरवत पोलिसांची गाडी आली.

उतरलेला तरुण पोलीस हिच्याकडं, ताम्हनाकडं आणि मोदकांच्या डब्याकडं बघत राहिला. "सगळं ठीक आहे ना, मॅम?"

जावयांनी समजावलं. उपवास आहे, चंद्र उगवल्यावर सुटतो.

"बरं. आणि चंद्र कधी उगवणार?"

"साडेदहाला."

पोलिसानं घड्याळ बघितलं. "फास्ट की स्लो?"

आम्ही सगळे एकदम "स्लो" म्हणालो. तो निश्चिंत झाला, गाडीला टेकून उभा राहिला, आणि आमच्याबरोबर चंद्राची वाट बघू लागला. साडेदहाच्या सुमाराला, डब्यांच्या डावीकडून तांबूस चंद्र वर आला. हिनं अर्घ्य दिलं, नमस्कार केला, नैवेद्य दाखवला आणि पहिला मोदक पोलिसाला दिला. त्यानं तो टॉर्चच्या उजेडात उलटा करून पाहिला आणि मग एका घासात टाकला. परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "आता घरी जाऊन बघ किती वाजलेत. पावणेबारा! उपवास तेवढाच झाला."

"झाला असेल," ही म्हणाली. "पण मी साडेदहाला सोडला ना?"

लेकीच्या हॉस्पिटलात ही भानगड जन्मापासून सुरू होते. पलीकडच्या स्लोतलं जोडपं बाळंतपणाला जॅस्परला येतं. मूल होतं रात्री बारा वीसला. दाखल्यावर नवी तारीख. घरी आजीच्या भिंतीवरच्या घड्याळात मात्र अकरा वीस आणि आदलीच तारीख. एका आजीनं तर वाढदिवसाचा केक दोन दिवस करायचं कबूल करून विषय मिटवला. ही मला म्हणाली, "पत्रिका कुठल्या वेळेवर करायची हो यांची?" मी म्हणालो, "त्यांच्यात पत्रिका नसते." "तेच बरं," ती म्हणाली. पुढं ती जावयांच्या ताटाकडं बघत होती.

देवाचीही सुटका नाही. आमच्या फर्डिनंडात टेकडीवर बेनेडिक्ट पंथाच्या जोगिणींचा मठ आहे, भव्य, घुमटाचा. तो फास्टमध्ये. तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर सेंट माइनराडला त्याच पंथाच्या साधूंचा मोठा मठ, स्पेन्सर काउंटीत. तो स्लोमध्ये. देव तोच, पंथ तोच. पण इकडची पाचची प्रार्थना झाली की देवानं तासभर थांबून तिकडच्या पाचच्या प्रार्थनेला हजर व्हायचं. म्हातारबांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "त्याला एक फायदा आहे. इकडं काही मागायचं राहिलं तर तिकडं जाऊन मागता येतं."

आणि मग दिवाळी आली. एव्हन्सव्हिलजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबानं फराळाला बोलावलं. गटावर निरोप आला, 'शनिवारी सहाला या, सगळ्यांनी.' कुठल्या सहाला, हे नाही. घरात बैठक बसली. जावई म्हणाले, ते स्लोमध्ये राहतात म्हणजे त्यांचे सहा. लेक म्हणाली, पण गटात निम्मे लोक फास्टचे आहेत, त्यांच्यासाठी लिहिलं असेल. मी म्हणालो, फोन करून विचारा. हे कुणालाच पटलं नाही. "असं विचारतात का बाबा? त्यांना वाटेल आपल्याला जायचं नाही." शेवटी हिनं निकाल दिला. आपल्या लोकांत कुणी वेळेवर जात नाही, तेव्हा तासभर लवकर पोचलो तरी फार तर आपणच पहिले.

पोचलो तेव्हा आमचे सहा आणि त्यांचे पाच वाजले होते. दार यजमानीणबाईंनी उघडलं. केस ओले, खांद्यावर टॉवेल, हातात सोऱ्या आणि सोऱ्याच्या तोंडाशी लोंबणारी अर्धी चकली.

"काका! काकू! तुम्ही? आत्ता?"

मराठी घरात कुणी वेळेच्या आधी आल्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच खेप असावी. यजमान आतून बनियनवर धावत आले आणि आम्हाला बघून परत आत गेले. ही मात्र पदर खोचून स्वयंपाकघरात घुसली. "द्या इकडं तो सोऱ्या, तुम्ही आवरून या." मला चिवड्यासाठी खोबऱ्याचे काप करायला बसवलं, जावयांना आकाशकंदिलाची वायर जोडायला स्टुलावर चढवलं. पंधरा मिनिटांत आणखी एक फास्ट कुटुंब अवतरलं, तासभर लवकर. त्यांना ताटं पुसायला दिली. मग तिसरं. सहा वाजेपर्यंत, त्यांच्या सहापर्यंत, फराळ तयार, रांगोळी तयार, पाहुणे घामाघूम, आणि यजमान ताजेतवाने होऊन सोफ्यावर बसलेले.

ज्यांच्यासाठी ते सहा होते ते स्लोवाले लोक साडेसातपासून येऊ लागले. शेवटचं कुटुंब साडेआठला आलं, तोवर करंज्या संपल्या होत्या. गृहस्थ दारातच हात जोडून म्हणाले, "माफ करा हं, फारच उशीर झाला. काय करणार, हे दोन-दोन टाइम झोन! नुसता गोंधळ होतो."

मी आपुलकीनं विचारलं, "तुम्हीही आमच्यासारखे पलीकडून आलात का? फर्डिनंड? जॅस्पर?"

"छे छे, इथंच राहतो. समोरची गल्ली."